एकतिसाव्या फोटोची सही

गल्लीतल्या मेरीमातेच्या देव्हाऱ्यात दिव्याच्या काचेच्या पेल्यात तेल एका बाजूला काठापासून सहा मिलिमीटर खाली होतं आणि दुसऱ्या बाजूला आठ. पेल्याची रुंदी आठ सेंटिमीटर. मी खिशातली पट्टी पुन्हा लावून पाहिली, तेवढंच आलं. तेल सपाटच राहतं. म्हणजे पेला कलला होता, पेल्याखालचा संगमरवर कलला होता आणि त्याखालचा सव्वा मीटर रुंदीचा चौथरा रस्त्याच्या बाजूने साधारण तीन सेंटिमीटर खचला होता.

"काय मोजताय, दोत्तोरे? मादोन्नाचं तेल चोरीला गेलंय का?" मागून सबातिनोने विचारलं.

नापोलीत चष्मा लावणाऱ्या कुणालाही दोत्तोरे म्हणतात, म्हणून मी वळून पाहिलं. त्याचं स्कूटरदुरुस्तीचं दुकान देव्हाऱ्याच्या बरोबर समोर होतं, आणि मला यंत्र जिथून न्यायचं होतं नेमक्या तिथे त्याच्या अकरा स्कूटर उभ्या होत्या.

"या हलवाव्या लागतील. दोन तास."

"दोन तासांत माझी सगळी गिऱ्हाइकं दुसरीकडे जातील."

"स्कूटर इथे आहेत तोवर कुठे जातील?"

त्याने थोडा विचार केला आणि आठ हलवल्या. उरलेल्या तिन्हींच्या किल्ल्या मालकांकडे होत्या आणि मालक जेवायला गेले होते. माझ्या नकाशावर त्या तीन स्कूटरच्या जागी आजही तीन पांढरे पट्टे आहेत.

ऑगस्टमध्ये गल्लीखालचा पाण्याचा मोठा नळ फुटला होता. तो दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले आणि त्यानंतर देव्हाऱ्याच्या मागच्या इमारतीला तडे जाऊ लागले. इमारतीचे व्यवस्थापक लाउदातो यांनी जमिनीखालचं तपासणाऱ्या आमच्या कंपनीला बोलावलं ते ऑक्टोबरात. या शहराखाली दुसरं एक शहर कोरलेलं आहे, घरं बांधायला दगड काढून काढून. विहिरी, हौद, युद्धात लोक लपले ती भुयारं. युद्धानंतर पडक्या घरांचा मलबा बहुतेक विहिरींत लोटून वरून फरशी घातली आणि कुठली विहीर कुठे होती ते लोक विसरून गेले.

मी बाबागाडीसारखा दिसणारा रडारचा गाडा ढकलायला लागले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "दोत्तोरे, बाळ झोपलं का?"

"झोपलंय," मी म्हणाले. पंधरा वर्षांत हा विनोद मी प्रत्येक गल्लीत ऐकला आहे.

यंत्राचं काम सोपं आहे. ते जमिनीत लहर सोडतं. खाली जिथे एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो तिथून लहरीचा थोडा भाग परत येतो. किती वेळाने आला त्यावरून खोली कळते. नळावरून गेलं की पडद्यावर उलट्या वाटीसारखी कमान उमटते. पोकळी असेल तर जाड, ठसठशीत पट्टा येतो. ओल्या चिखलात लहर विरून जाते. आणि लोखंडी जाळी असेल तर खाली काहीच दिसत नाही, नुसते एकसारखे वळसे दिसतात.

देव्हाऱ्याच्या चौथऱ्यावर मला वळसे दिसले.

"यात जाळी घातलीय का?" मी सबातिनोला विचारलं.

"म्हणजे काय!" त्याने छाती काढली. "दोन वर्षांपूर्वी तडा गेला, तेव्हा आम्ही चौघांनी मिळून नवा चौथरा ओतला. बारा मिलिमीटरची सळई. भूकंप आला तरी हलायचा नाही."

"आणि त्याआधी?"

त्याने सगळं सांगितलं. मुळात भिंतीत एक कोनाडा आणि मादोन्नाचं चित्र होतं. मग कुणाची शस्त्रक्रिया नीट झाली, त्याने संगमरवराची पाटी बसवली. कुणाचा मुलगा समुद्रावरून सुखरूप आला, त्याने खांब दिले. आपला फुटबॉलचा संघ जिंकला तेव्हा गल्लीने मिळून वर घुमट चढवला. दर वेळी देव्हारा जड होत गेला, तडा गेला, आणि तडा बुजवायला आणखी जड केला. मी वहीत हिशेब केला: सव्वादोन टन, आणि ते बहुधा एका बुजवलेल्या विहिरीच्या तोंडावर.

बहुधा, कारण जाळीमुळे मला खालचं दिसत नव्हतं. बाजूने पाहायला देव्हाऱ्याला लागून असलेल्या तळमजल्यावरच्या खोलीत जावं लागणार होतं. ती दोन्ना रेस्तितूता यांची; दोन्ना म्हणजे बाई. एकच खोली, दार सरळ रस्त्यावर. एकोणसत्तर साली लग्न होऊन त्या इथे आल्या, आणि आता नवऱ्यामागे एकट्या होत्या. देव्हाऱ्याच्या काचेच्या दाराची किल्ली त्यांच्या गळ्यात असायची. रोज सकाळी कुलूप काढायचं, दिवा लावायचा, सोमवारी फुलं बदलायची.

"पलंग हलवायचा?" त्या म्हणाल्या. "आधी कॉफी घे. तू कुणाची गं?"

मी दोन गल्ल्या पलीकडची, वित्तिएल्लोंची ओर्नेल्ला, हे सांगितल्यावर पलंग हलला. पलंगाखालून गाडा तीनदा नेला. तिन्ही वेळा एकच चित्र आलं: अठरा नॅनोसेकंदांवर जाड पट्टा, देव्हाऱ्याच्या बाजूकडून सुरू होऊन खोलीत एक मीटर ऐंशीपर्यंत आलेला. इथल्या जमिनीत अठरा नॅनोसेकंद म्हणजे नव्वद सेंटिमीटर. नव्वद सेंटिमीटर माती आणि फरशी, त्याखाली हवा. नळाच्या पाण्याने विहिरीतला मलबा खाली बसला होता.

मी अहवाल लिहिला. देव्हारा तात्पुरता उतरवावा, चौथरा फोडावा, पोकळी भरावी. त्या काळात दोन्ना रेस्तितूतांची खोली रिकामी असावी. अंदाजे सहा आठवडे. चार पानं होती आणि त्यात कुठेही "कदाचित" नव्हतं.

उत्तरं तीन आली. नगरपालिकेने कळवलं की देव्हारा इमारतीच्या भिंतीला टेकलेला आहे, म्हणून तो इमारतीचा. लाउदातोंनी कळवलं की चौथरा रस्त्यावर आहे, म्हणून तो नगरपालिकेचा. चर्चच्या पाद्रींनी अतिशय प्रेमळ पत्रात लिहिलं की या देव्हाऱ्याला आशीर्वाद दिल्याची नोंद त्यांच्या वहीत नाही, तेव्हा तो चर्चचा नाहीच. पण ते प्रार्थना करतील.

मग इमारतीची सभा. पहिली सभा नेहमीप्रमाणे रविवारी सकाळी सहाला लावली होती, कारण तिला कुणी येऊच नये अशी सोय असते; कमी लोकांत ठराव करता येतो तो दुसऱ्या सभेत. दुसरी सभा सोमवारी संध्याकाळी जिन्यावर भरली. मी चित्रं दाखवली. मी ती नेहमी करड्या रंगात ठेवते, रंगांनी माणसं भलतंच काहीतरी वाचतात. लाउदातो म्हणाले, "रंगीत नाही का? रंगीत असतं तर पटलं असतं." रंगीत करून आणली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले की हे अगदी त्यांच्या बायकोच्या पोटाच्या सोनोग्राफीसारखं दिसतंय, आणि अर्धा तास पोटांवर गेला.

शेवटी लाउदातोंनी पेन खाली ठेवलं. "देव्हाऱ्यात एकतीस फोटो आहेत. गल्लीतल्या गेलेल्या माणसांचे. ते हलवायचे तर एकतीस घरांच्या सह्या हव्यात. एकही कमी नको."

"सह्या कशाला? फोटो पेटीत ठेवायचे, नंतर परत लावायचे."

"दोत्तोरे, तुम्ही जमिनीखालचं बघता, मी वरचं बघतो. मेलेल्या माणसाच्या फोटोला मी हात लावला तर जिवंत माणसं माझ्या गाडीला हात लावतात. मागे पलीकडच्या गल्लीत लावला होता. चारही टायर."

माझ्या हातात आणखी एक उपाय होता. तात्काळ धोका असं एक वाक्य लिहून अग्निशमन दलाला कळवायचं. ते त्याच दिवशी येतात, खोलीच्या दाराला पट्टी लावतात आणि जातात. देव्हारा तसाच राहतो, पोकळी तशीच राहते, आणि बाई शहराबाहेरच्या कुठल्यातरी हॉटेलात. तिथून परत आलेल्यांची मला तीन नावं माहीत होती, न आलेल्यांची पुष्कळ. मी ते वाक्य लिहिलं आणि मसुद्यात ठेवलं. रोज उघडून वाचत होते आणि बंद करत होते. मी बाकीच्यांवर चिडत होते त्यात स्वतःवरचा हा रागही होता.

जानेवारीत मी स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा गाडा नेला. पट्टा चौदा नॅनोसेकंदांवर आला होता. सत्तर सेंटिमीटर.

"दोन्ना रेस्तितूता, किल्ली द्या," मी म्हणाले. "सह्यांची वाट बघू नका. तुम्ही कुलूप उघडलंत तर कुणी काही बोलणार नाही."

"आणि मग मी कुठे जाऊ?"

"सहा आठवडे. कुठेही."

त्या मटार सोलत होत्या. हात थांबले नाहीत. "ऐंशी साली भूकंप झाला तेव्हा पंधरा दिवस म्हणाले होते. पत्र्याच्या डब्यात सात वर्षं काढली, पोरी. सात. परत आले तेव्हा माझी चूल कुणीतरी नेली होती आणि खोलीत कोंबड्या होत्या. त्या हाकलून आत शिरले. आता मला इथून एकदाच काढा, चौघांच्या खांद्यावरून."

"पलंग तरी दाराकडे घ्या."

"दाराकडे वारा लागतो."

मी पलंग दाराकडे घेतला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा जागेवर होता.

सह्या मात्र जमत गेल्या, आणि त्या मीच जमवल्या. हे माझं काम नव्हतं. एक सही अर्जेंटिनातून टपालाने आली. दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, आणि वडिलांच्या फोटोसाठी दोघांच्या वेगळ्या कागदांवर सह्या घ्याव्या लागल्या. पहिल्याच्या कागदावर दुसऱ्याने सही केली असती तर पहिल्याने आपली मागे घेतली असती. एका बाईने सही करण्याआधी मला तिच्या नवऱ्याच्या आजारपणाची पूर्ण हकीकत ऐकवली, तारखांनिशी. फेब्रुवारीच्या शेवटी माझ्याकडे तीस सह्या होत्या.

एकतिसावा फोटो कुणाचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

करडा सूट, बारीक मिशी, दात दाखवून हसणारा चाळिशीतला माणूस. मी प्रत्येक दारात तो दाखवला. सगळ्यांनी ओळखीचं हसून मान डोलावली आणि नाव कुणी सांगितलं नाही. एक म्हणाला खलाशी होता, दुसरी म्हणाली कर घ्यायला यायचा. ज्याला कुणी नाही अशा आत्म्याला आपलं मानायचं, त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि मग तो आपली कामं करतो, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यामुळे त्याचं बरं चाललं होतं. कुणाच्या सुनेला मुलगा झाला होता, कुणाला लॉटरीचा आकडा लागला होता. दोन्ना रेस्तितूता दर सोमवारी पहिलं फूल त्याच्यापुढे ठेवायच्या, नवऱ्याच्या आधी.

मार्चच्या दुसऱ्या सोमवारी मी पुन्हा मोजलं. अकरा नॅनोसेकंद. पंचावन्न सेंटिमीटर. दुपारचे बारा वाजले होते. लाउदातोंना मी फोन करून तिथेच बोलावलं आणि ते आलेही, कारण सबातिनोकडे त्यांची स्कूटर होती. सबातिनो, दोन्ना रेस्तितूता, लाउदातो आणि मी, चौघं देव्हाऱ्यासमोर उभे राहिलो.

"तीस सह्या आहेत," मी कागद दिले.

त्यांनी एकेक मोजला. "एक कमी."

"त्याचं कुणी नाही."

"मग वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची. वारसांनी साठ दिवसांत समोर यावं. कुणी नाही आलं तर पुन्हा सभा."

"साठ दिवस जमीन थांबणार नाही, लाउदातो साहेब."

"जमिनीचं तुम्ही बघा म्हटलं ना."

सबातिनो हातातला पाना चिंधीने पुसत होता. पाना केव्हाच स्वच्छ झाला होता.

"जाहिरात नका देऊ," तो म्हणाला.

"का?"

"नका देऊ म्हणतोय ना."

"सबाती," दोन्ना रेस्तितूता म्हणाल्या, "तुझ्या आईला मी ओळखत होते. तोंड उघड."

"आईचा फोटो लावायचा होता," तो पान्याकडे बघत म्हणाला. "म्हणून चौकट आणायला गेलो. दुकानात एकटी मिळेना, दोनचा जोड होता. एकीत आई बसवली. दुसरीत हा आधीपासूनच होता, दुकानदाराने नमुना म्हणून घातलेला. टाकून कशी देणार, चांगली चंदेरी चौकट. आणि दुसऱ्या बाजूची जागा रिकामी होती, ओकंबोकं दिसत होतं. म्हणून लावली. म्हटलं, नंतर बदलू."

त्याने पाना उलटा करून पुन्हा पुसला.

"नंतर तुम्ही सगळ्या त्याच्यापुढे फुलं ठेवायला लागलात. मग कसं सांगणार? दोन्ना अमालियाच्या सुनेला तर त्याच वर्षी दिवस गेले."

"अकरा वर्षं," दोन्ना रेस्तितूता म्हणाल्या. "अकरा वर्षं मी या माणसाचा आत्मा सुटावा म्हणून सोमवार केले."

"त्याला फायदाच झाला असणार, दोन्ना. बघा ना कसा हसतोय."

त्यांनी त्याच्या डोक्यात टपली मारली. फार जोरात नाही. मला हसू आलं, आणि गेल्या पाच महिन्यांत पहिल्यांदाच वाटलं की सुटलो. मी लाउदातोंकडे वळले. "झालं. एकतिसावा गेलेला माणूसच नाही. तीस सह्या पूर्ण आहेत."

लाउदातोंनी कागद पुन्हा सरळ केले. ते गंभीर होते. "उलट अवघड झालं, दोत्तोरे. हा माणूस मेलेला नाही म्हणजे हयात असू शकतो. हयात माणसाचा फोटो विनापरवानगी. इथे वारसाची सही चालणार नाही. त्याची स्वतःचीच लागेल."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. ते खिशातून पेन काढून तसं लिहून घेत होते.

"लाउदातो साहेब," मी म्हणाले, "यांच्या पलंगाखाली पंचावन्न सेंटिमीटर जमीन उरली आहे. ऑक्टोबरात नव्वद होती. मी तुम्हाला तीनदा कळवलं आहे."

"कळवलंत. फाइलला लावलंय."

"आज चौथ्यांदा कळवते. त्यानंतर संध्याकाळी अग्निशमन दलाला कळवते. वाक्य लिहून तयार आहे."

"कळवा. मग बाई बाहेर आणि देव्हारा जागेवर. तुम्हाला तेच हवं असेल तर."

ते बरोबर होतं. मी यंत्राची केबल गुंडाळायला घेतली. ती चुकीची गुंडाळली गेली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"पोरी, चित्र दाखव," दोन्ना रेस्तितूता म्हणाल्या. "रंगीत नको. ते दुसरं."

मी पडदा त्यांच्यापुढे धरला. जानेवारीत मी त्या चित्रावर त्यांचा पलंग मापात काढून ठेवला होता. तेव्हा त्यांनी पाहिलं नव्हतं.

"हा माझा पलंग?"

"हो."

"उशी कुठल्या बाजूला?"

मी बोट ठेवलं.

"आणि हा जाड पट्टा म्हणजे तिथपासून खाली..."

"तिथपासून खाली काही नाही."

त्यांनी आपलं बोट उशीपासून पट्ट्याच्या टोकापर्यंत फिरवलं. वरून कुणाच्या तरी धुतलेल्या चादरीचं पाणी ठिबकत होतं. मग त्यांनी विचारलं, "मी गेले तर परत येईन का?"

"अहो, पंधरा दिवसांत!" लाउदातो म्हणाले. "फार तर महिना. मी शब्द देतो."

"तुम्हाला नाही विचारलं."

हो म्हणणं सोपं होतं. सगळे गेले पाच महिने तेच म्हणत होते. "मला माहीत नाही," मी म्हणाले. "पोकळी भरली जाईल आणि जमीन पक्की होईल, एवढं मी मोजून सांगू शकते. तुम्हाला परत येऊ देतील की नाही ते मला कळत नाही. मी पाठपुरावा करीन. तरीही माहीत नाही."

"हं," त्या म्हणाल्या. "ऐंशी साली एकानेही असं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी चूल सोबत नेली असती."

त्यांनी पदराने हात पुसावा तसे एप्रनला हात पुसले, सबातिनोकडे वळल्या आणि गल्लीतल्या सगळ्या बाल्कन्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"सबाती, उद्या सकाळी सातला तुझा टेंपो दारात लाव. मी कुलूप काढते. ज्याने त्याने आपापलं माणूस घरी न्यायचं, सही नको न् बिही नको. या हसऱ्याला मी नेते. माझा पलंग, कपाट आणि चूल काझोरियाला बहिणीकडे पोचवायची, चूल सगळ्यात आधी. मी जाते."